सिस्टीम बदलण्याआधी: सारखं अडकणारं मशीन कसं तपासायचं

विंडोजवाला म्हणतो लिनक्स टाकून दे, लिनक्सवाला विचारतो मॅक घेऊ का, आणि मॅकवाल्याला वाटतं विंडोज होतं तेच बरं होतं. तिघांचं रडगाणं एकच: मशीन सारखं अडकतं. अशी मशीन दुरुस्त करताना मला पुन्हा पुन्हा दिसलंय की बहुतेक वेळा दोष ऑपरेटिंग सिस्टीमच्या खाली असतो, म्हणजे डिस्क, रॅम (चालू कामाची मेमरी) किंवा उष्णता. नाहीतर तिच्या वर असतो, म्हणजे ब्राउझर आणि आपोआप सुरू होणारी सॉफ्टवेअर. सिस्टीम बदलली तरी तो दोष जागचा हलत नाही, वर नव्या सिस्टीमच्या खोडी पदरात पडतात. म्हणून फॉरमॅट मारण्याआधी खालच्या क्रमाने जा. सुरुवातीच्या पायऱ्यांना वेळ सोडून काहीच लागत नाही.

लक्षणं

आधी आपलं मशीन नेमकं कसं अडकतं ते लिहून काढा. "स्लो झालंय" एवढ्यावर कुणालाच काही कळत नाही.

- चालू केल्यावर पहिली काही मिनिटं काहीच उघडत नाही, मग हळूहळू सुरळीत होतं.
- सुरुवातीला झकास चालतं, पण अर्ध्या-पाऊण तासाने मंदावतं आणि पंखा घोंघावायला लागतो.
- माउस हलतो, पण क्लिक लागत नाही. डिस्कचा दिवा सतत पेटलेला.
- माउससुद्धा गोठतो, आवाज एकाच सुरावर अडकतो आणि पॉवर बटण दाबून धरल्याशिवाय सुटका नाही.
- निळा (हल्लीच्या विंडोज 11 मध्ये काळा) पडदा येतो किंवा मशीन आपोआप रिस्टार्ट होतं, आणि दर वेळी एरर वेगळा असतो.
- स्लीपमधून उठवल्यावरच गडबड होते.
- अपडेटनंतरच सुरू झालं, त्याआधी काही तक्रार नव्हती.
- फक्त ब्राउझर उघडल्यावर त्रास, बाकी सगळं ठीक.

पहिली आणि तिसरी ओळ बहुतेक डिस्ककडे बोट दाखवते, दुसरी उष्णतेकडे, पाचवी रॅमकडे. स्लीप आणि अपडेटच्या ओळींमागे ड्रायव्हर (मशीनचा एखादा भाग चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) असण्याची शक्यता जास्त. चौथ्या ओळीमागे यातलं काहीही असू शकतं, म्हणून ती सगळ्यात त्रासदायक. "सिस्टीमच वाईट" हा निष्कर्ष यातल्या एकाही ओळीवरून थेट निघत नाही.

पुढचं काहीही करण्याआधी महत्त्वाच्या फायली दुसऱ्या डिस्कवर उतरवा. डिस्क शेवटच्या घटका मोजत असेल, तर तपासणीच्या ताणानेच ती बसू शकते.

1. खरोखरचा रिस्टार्ट

हसू नका. विंडोज 8 पासून "फास्ट स्टार्टअप" नावाची सोय आली. त्यात शटडाउन दाबलं तरी सिस्टीमचा गाभा पूर्ण बंद होत नाही, तो डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तसाच उचलला जातो. त्यामुळे रोज रात्री शटडाउन करणाऱ्याच्या मशीनवरही टास्क मॅनेजरमधला "अप टाइम" (सलग चालू असल्याचा वेळ) कित्येक दिवसांचा दिसतो. अडकलेला ड्रायव्हरही तसाच दिवसेंदिवस सोबत फिरतो. रिस्टार्ट मात्र सगळं नव्याने सुरू करतो. फरक पडला तर कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंदच करून टाका. एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) असेल तर त्याचा फायदा तसाही जाणवत नाही.

एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर ही सोय बंद करणं आवश्यकच आहे. अर्धवट बंद झालेलं विंडोजचं पार्टिशन (डिस्कवरचा त्याचा कप्पा) लिनक्स फक्त वाचू देतं, त्यात लिहू देत नाही, आणि शिव्या मात्र लिनक्स खातं.

2. कोण खातंय ते पाहा

विंडोजवर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर, मॅकवर अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर, लिनक्सवर सिस्टीम मॉनिटर. मशीन अडकलेलं असतानाच पाहा. सुरळीत चालू असताना आकडे बघून हाती काही लागत नाही.

प्रोसेसर, मेमरी, डिस्क यांपैकी नेमकं काय तुंबलंय ते शोधायचं. विंडोजमध्ये डिस्क 100 टक्क्यांवर आणि प्रोसेसर मात्र 10 टक्क्यांवर, हे चित्र फिरणाऱ्या हार्ड डिस्कवर नेहमीचं. कारण साधं आहे. हार्ड डिस्कचा वाचणारा काटा एका जागेवरून दुसऱ्या जागी जायला साधारण 10 मिलिसेकंद घेतो, म्हणजे सेकंदाला जेमतेम शंभरेक विखुरलेली वाचनं. एसएसडी हीच वाचनं हजारोंनी करते. विंडोज सुरू होताच अपडेट, अँटिव्हायरस आणि सर्च इंडेक्सिंग (शोधासाठी फायलींची सूची बनवणं) एकदम त्या काट्यामागे लागतात. पहिली काही मिनिटं काहीच उघडत नाही ती यामुळे. हार्ड डिस्कवर सिस्टीम ठेवलेल्या जुन्या मॅकचीही तीच गत. 2017 च्या हाय सिएरा या मॅकच्या आवृत्तीबरोबर आलेली एपीएफएस फाइल सिस्टीम एसएसडी डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली आहे आणि फिरणाऱ्या डिस्कवर ती रखडते. इथे सिस्टीम बदलू नका, डिस्क बदला. जुन्या मशीनवर एवढा फरक पाडणारा दुसरा खर्च मला माहीत नाही.

मेमरी बघताना तिन्हीकडे वेगळं बघायचं. मॅकवर "वापरलेली मेमरी" जवळजवळ नेहमीच भरलेली दिसते, त्याने घाबरू नका. खाली मेमरी प्रेशरचा आलेख असतो, तो हिरवा असेल तर ठीक, लाल असेल तर रॅम खरंच कमी पडतेय. लिनक्स मोकळी रॅम डिस्कच्या कॅशसाठी (वाचलेल्या फायली हाताशी ठेवायला) वापरतं, म्हणून "फ्री" नव्हे तर "अ‍ॅव्हेलेबल" हा आकडा पाहा. रॅम पुरती संपली की लिनक्स फार वाईट रीतीने अडकतं: पडदा गोठतो, डिस्क खडखडते आणि बऱ्याच वेळाने सिस्टीम स्वतःच सगळ्यात जास्त रॅम खाणारी प्रक्रिया मारून टाकते. ब्राउझर अचानक गायब होतो तो असा.

मॅकवर "कर्नल टास्क" सगळ्यात वर दिसला तर तो व्हायरस नाही. प्रोसेसर तापला की बाकीच्यांना तो कमी मिळावा म्हणून सिस्टीम मुद्दाम तसं करते. पायरी 6 वर उडी मारा.

आणखी एक: नवीन आवृत्ती टाकल्यावर पहिला दीड-दोन दिवस मॅकवर स्पॉटलाइट (मॅकची शोधायची सोय) आणि फोटोंची छाननी मागे चालू असते, विंडोजवरही इंडेक्सिंग असतंच. मशीन चार्जरला लावून रात्रभर चालू ठेवा आणि मग मत बनवा.

3. ब्राउझर आणि सोबत सुरू होणारी मंडळी

ब्राउझर तिन्ही सिस्टीमवर तेच आहेत आणि त्यांची भूकही तीच आहे. त्रास फक्त ब्राउझरमध्ये असेल तर सिस्टीम बदलणं निव्वळ वेळेचा अपव्यय. सगळी एक्स्टेन्शन्स बंद करून पाहा, मग एकेक चालू करा. व्हिडिओ लावल्यावर पडदा फाटतो किंवा गोठतो असं असेल तर सेटिंगमधलं हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन बंद करा. त्याने थांबलं तर दोष ग्राफिक्स ड्रायव्हरचा, पायरी 8 पाहा.

स्टार्टअपच्या यादीतून प्रिंटरचे मदतनीस, गेमचे लाँचर, चॅटची अ‍ॅप्स काढून टाका. अँटिव्हायरस दोन असतील तर एक आजच काढा; दोघे एकमेकांच्या फायली तपासत बसतात.

4. जागा

सिस्टीमच्या डिस्कवर निदान 15 टक्के जागा मोकळी हवी. एसएसडी गच्च भरली की नवीन लिहिण्याआधी तिला जुने ब्लॉक आवरावे लागतात आणि वेग एकदम पडतो. विंडोजमध्ये मोठ्या अपग्रेडनंतर आधीच्या सिस्टीमचं अख्खं फोल्डर 10 दिवस पडून असतं. लिनक्सवर जुने कर्नल (सिस्टीमचे गाभे) आणि टाइमशिफ्टचे स्नॅपशॉट (सिस्टीमच्या आधीच्या स्थितीच्या प्रती) जागा खातात, मॅकवर टाइम मशीन या बॅकअप सोयीचे स्थानिक स्नॅपशॉट.

5. नवीन युजर, मग सेफ मोड

नवीन युजर अकाउंट तयार करून त्यात तासभर काम करा. तिथे त्रास नसेल तर दोष तुमच्या अकाउंटच्या सेटिंगमध्ये आहे, हार्डवेअरला हात लावायची गरज नाही. एवढी सोपी चाचणी कुणी करत नाही याचं मला नवल वाटतं.

मग सेफ मोड. विंडोजवर शिफ्ट दाबून रिस्टार्ट करा आणि ट्रबलशूटमधून स्टार्टअप सेटिंग्जमध्ये जा. इंटेलच्या मॅकवर सुरू होताना शिफ्ट दाबून धरा. एम1 (इंटेलऐवजी आलेली कंपनीची स्वतःची चिप) किंवा त्यानंतरच्या मॅकवर पर्याय दिसेपर्यंत पॉवर बटण दाबून ठेवा, डिस्क निवडा, मग शिफ्ट दाबून पुढे जा. सेफ मोडमध्ये बाहेरचे ड्रायव्हर आणि जास्तीची सॉफ्टवेअर येत नाहीत. तिथे मशीन नीट चाललं तर यांच्यापैकीच कुणीतरी चोर आहे. तिथेही गोठलं तर संशय हार्डवेअरवर जातो.

6. उष्णता

सुरुवातीला ठीक आणि नंतर मंद, हे उष्णतेचं लक्षण. प्रोसेसर 95 ते 100 अंश सेल्सियसच्या आसपास पोचला की जळू नये म्हणून स्वतःचा वेग कमी करतो. मशीन बिघडलेलं नसतं, ते स्वतःला वाचवत असतं.

लॅपटॉप गादीवरून उचलून टेबलावर ठेवा. जाळीत धूळ दिसत असेल तर मशीन बंद करून, प्लग काढून, हवेच्या डब्याने ती उडवा. उडवताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, भन्नाट फिरू देऊ नका. चारपाच वर्षं झालेल्या मशीनमध्ये प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट (उष्णता बाहेर नेणारा लेप) वाळलेली असू शकते. डेस्कटॉपवर ती घरी बदलता येते. पातळ लॅपटॉपवर सवय नसेल तर करू नका.

लिनक्स टाकल्यावर पंखा शांत झाला म्हणून लोक खूश होतात. मागे चालणारी कामं कमी झाल्याने तसं होऊ शकतं, पण धूळ तिथेच असते. उन्हाळा आला की पुन्हा तेच.

7. डिस्कची तब्येत

प्रत्येक डिस्क स्वतःच्या चुकांची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर, लिनक्सवर "डिस्क्स", मॅकवर डिस्क युटिलिटी. मॅक फक्त पास-नापास सांगतो, बाकीचे दोघे आकडे देतात.

साटा जोडणीच्या डिस्कवर तीन आकडे बघा. क्रमांक 5 म्हणजे खराब झाल्यामुळे बदललेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे तुकडे). क्रमांक 197 म्हणजे वाचता न आल्याने निकालाची वाट बघणारे सेक्टर. हा आकडा शून्याहून वर असेल आणि वाढत असेल तर डिस्कचे दिवस भरलेत असं धरा. क्रमांक 199 वेगळा आहे: तो डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या दळणवळणातल्या चुका मोजतो आणि बहुतेक वेळा एक ढिली किंवा जुनी केबल बदलली की वाढायचा थांबतो. मशीन मधूनच काही सेकंद गोठून पुन्हा चालू होतं, त्यामागे कधी कधी ही केबल असते आणि लोक मात्र विंडोज पुन्हा टाकत बसतात.

197 वाढत असेल तर चेकडिस्कची (विंडोजच्या डिस्क तपासनीसाची) पूर्ण तपासणी किंवा डिफ्रॅग (फायली सलग मांडणं) चालवू नका. ते अख्खी डिस्क वाचून काढतात, आणि मरणाऱ्या डिस्ककडून असं काम करून घेणं म्हणजे डेटावर पाणी सोडणं. आधी फायली काढा, मग डिस्क बदला. उलट स्मार्ट "उत्तम" म्हणत असेल तरी डोळे झाकून विश्वास ठेवू नका. काही डिस्क नोंदीत एकही डाग न दाखवता जातात.

8. ड्रायव्हर आणि अपडेट

त्रास ठरावीक अपडेटनंतर सुरू झाला असेल तर मागे जाऊन पाहा. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरमधून "रोल बॅक ड्रायव्हर", नाहीतर अपडेटच्या यादीतून तो काढून टाकणं. रिलायबिलिटी मॉनिटर नावाचं एक दुर्लक्षित पान आहे, त्यात कोणत्या तारखेला काय टाकलं आणि काय कोसळलं हे एकाखाली एक दिसतं. तिथे दहा मिनिटं घालवली तर पुढचा दिवस वाचतो. लिनक्सवर बूटच्या यादीत "अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स" मध्ये आधीचा कर्नल असतो, तो निवडा. एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल तर संशयाची सुई आधी तिकडे वळवा. मॅकवर मात्र मोठ्या आवृत्तीतून मागे यायचं तर डिस्क पुसून सगळं नव्याने टाकावं लागतं, म्हणून अपग्रेडआधी टाइम मशीनचा बॅकअप हवाच.

9. लाइव्ह पेनड्राइव्ह

सिस्टीम दोषी की हार्डवेअर, हा निकाल लावणारी सगळ्यात भरवशाची चाचणी ही. उबुंटू किंवा फेडोरा (लिनक्सचे दोन प्रकार) पेनड्राइव्हवर उतरवा, मशीन त्यावरून सुरू करा, काहीही इन्स्टॉल न करता दोन तास वापरा. या दोन्ही सिस्टीम सिक्युअर बूट (फक्त मान्य सिस्टीम सुरू होऊ देणारं कुलूप) चालू असतानाही सुरू होतात, त्यामुळे बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) खुडबुड करायची गरज नसते. ती केलीत तर बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन) 48 अंकी रिकव्हरी की मागू शकतो. की कुठे ठेवली आहे ते आधी शोधून ठेवा.

पेनड्राइव्हवरूनही मशीन गोठलं तर सिस्टीम निर्दोष सुटली. मात्र तिथे सुरळीत चाललं म्हणून लगेच विंडोजला दोषी धरू नका. पेनड्राइव्हवरून चालताना आतली डिस्क वापरलीच जात नाही, म्हणजे डिस्क अजून संशयितांच्या रांगेत आहे. पायरी 7 मनापासून केली असेल तरच या चाचणीला अर्थ आहे.

एम1 नंतरच्या मॅकवर ही युक्ती चालत नाही. तिथे मशीन बंद करून पर्याय दिसेपर्यंत पॉवर बटण दाबून ठेवा, मग कमांड-डी; अ‍ॅपलची स्वतःची चाचणी सुरू होते.

10. रॅम

एरर दर वेळी वेगळा, झिप फायली उगाच खराब निघतात, इन्स्टॉलेशन मधूनच फिसकटतं: रॅम. मेमटेस्ट86 प्लस हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवरून रात्रभर चालवा. एक जरी चूक निघाली तरी ती चूकच, "एवढं चालायचंच" असं रॅमच्या बाबतीत नसतं. बायोसमध्ये रॅमचा वेग वाढवणारं प्रोफाइल चालू असेल तर ते बंद करून पुन्हा चालवा. मग प्लग काढून रॅमच्या पट्ट्या काढा, एकेक लावून तपासा.

दोष सिस्टीमचाच निघाला तर

इथवर सगळं स्वच्छ निघालं, तरच सिस्टीम बदलायचा विचार करा. आणि तेव्हाही कोणता त्रास सोडून कोणता घेताय ते नीट बघून घ्या. विंडोज त्रास देतं ते न विचारता, मॅक देतो ते न सांगता, आणि लिनक्स देतं ते सगळं सांगून-सवरून.

विंडोज स्वतःच्या वेळेला अपडेट लावतं, सेटिंग परत जागेवर नेऊन ठेवतं, सुरुवातीच्या मेनूत नको त्या शिफारशी दाखवतं. त्या बदल्यात कुठलाही स्कॅनर, कुठलंही दहा-पंधरा वर्षांपूर्वीचं सॉफ्टवेअर बहुधा चालतं. विंडोज 10 चा मोफत आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 ला टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) लागतं, त्यामुळे धडधाकट मशीनही बाहेर पडतात. हे मात्र सिस्टीम बदलायचं खरं कारण आहे.

मॅकवर बिघडण्यासारखं कमी आणि तुमच्या हातात असण्यासारखंही कमी. एम मालिकेच्या मशीनमध्ये रॅम नंतर वाढवता येत नाही. 2019 च्या कॅटालिनाने 32 बिट (जुन्या पद्धतीची) सॉफ्टवेअर एका फटक्यात बंद केली. विंडोजने फॉरमॅट केलेल्या एनटीएफएस डिस्कवर मॅक मुळात लिहीतच नाही. इंटेलच्या मॅकसाठी टाहो ही सिस्टीमची शेवटची आवृत्ती, हे अ‍ॅपलने 2025 मध्येच सांगून टाकलंय.

लिनक्स काय बिघडलं ते लॉगमध्ये ओळीन् ओळ लिहून ठेवतं, पण त्या ओळी वाचायच्या तुम्हीच. स्लीप, बोटाचा ठसा, एनव्हिडिया, दोन वेगळ्या रिझोल्यूशनचे मॉनिटर: कुरबुरी इथेच होतात. फोटोशॉप किंवा मायक्रोसॉफ्ट ऑफिसची डेस्कटॉप आवृत्ती लिनक्ससाठी नाही. पोटापाण्याचं काम त्यांवर असेल तर विचार सोडा. ब्राउझर, मेल आणि कागदपत्रं एवढंच काम असेल तर मात्र विंडोज 11 न घेणारं मशीन लिनक्सवर अजून बरीच वर्षं काढेल.

इथे थांबा आणि तंत्रज्ञाला बोलवा

हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर त्याच क्षणी मशीन बंद करा. एकदा शेवटचं चालू करून फायली काढू, असं म्हणू नका. फायली मोलाच्या असतील तर थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या. लॅपटॉपची बॅटरी फुगली असेल, टचपॅड वर आला असेल किंवा झाकण नीट बसत नसेल तर चार्जर काढा, वापर थांबवा, बॅटरीला टोचू किंवा दाबू नका. जळका वास, ठिणगी, पाणी सांडलेलं: तेच. डेस्कटॉपचा पॉवर सप्लाय कधीही उघडू नका, प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक चार्ज राहतो. बोर्डवर सोल्डर केलेली रॅम किंवा डिस्क खराब निघाली तर तेही घरचं काम नाही. आणि मशीन ऑफिसचं असेल तर पायरी 4 च्या पुढे जाऊच नका, ते आयटी विभागाच्या हवाली करा.

मशीन देताना लक्षणांची यादी, केलेल्या पायऱ्या आणि स्मार्टच्या आकड्यांचा फोटो सोबत द्या. "आधी फॉरमॅट मारून बघतो" असं उत्तर आलं तर कोणत्या चाचणीवरून, ते विचारा. उत्तर मिळालं नाही तर मशीन परत घ्या.